सह्याद्रीत ग्रॅव्हल सायकलिंगचा मार्ग कसा आखावा: साताऱ्याच्या सड्यांचं उदाहरण घेऊन

डोंगराळ भागातली ग्रॅव्हल राइड, म्हणजे मुरमाच्या कच्च्या रस्त्यांवरची सायकल फेरी, आखताना बहुतेक जण आधी किलोमीटर ठरवतात आणि मग रस्ता शोधायला बसतात. हा क्रम उलटा हवा. आधी रस्त्याचा पोत बघायचा, मग चढ, मग हातात असलेला उजेडाचा वेळ. या तिघांत जेवढे बसतील तेवढे किलोमीटर आपले. डांबरी रस्त्यावर दिवसात शंभर किलोमीटर सहज मारणारा माणूस मुरमाच्या चढावर चाळीसला थकतो, आणि त्यात त्याच्या तयारीची काही चूक नसते. रस्ताच वेगळा असतो.

उदाहरण म्हणून साताऱ्याचा एक मार्ग घेतो: सातारा शहर, बोगदा, सज्जनगडाचा पायथा, बोरणे घाट, ठोसेघर आणि पुढे चाळकेवाडीचं पठार. ठोसेघरपर्यंत साधारण २५ किलोमीटर डांबर आहे. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या थोडं वर, तर चाळकेवाडीचा सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं कातळाचं पठार, अकराशेच्या वर. हा मार्ग निवडायचं कारण वरच्या पवनचक्क्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून या पठारावर त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांची लांबच लांब पाती व क्रेन वर न्यायला मुरमाचे रुंद, कमी चढाचे, मोठ्या वळणांचे रस्ते करावे लागले. ग्रॅव्हल सायकलला याहून सोयीचा रस्ता सह्याद्रीत क्वचितच मिळतो. घाटातली झाडी, वरचा मोकळा सडा, उजवीकडे खाली उरमोडी धरणाचं पाणी, असं सगळं एका दिवसात येतं.

१. पायाखालचा रस्ता ओळखायला शिका

सह्याद्रीतला कच्चा रस्ता म्हणजे एकच प्रकार नव्हे. दाबून बसलेला मुरूम सर्वांत चांगला. पाऊस पडून गेला तरी पाणी लवकर निचरतं आणि चाकाला पकड मिळते. जांभ्याचा रस्ता लाल आणि खडबडीत असतो. सुकलेला असताना त्यावर सायकल छान पळते, पण ओला झाला आणि शेवाळ धरलं की पुढचं चाक कधी निसटेल ते कळत नाही. कातळाची उघडी पाठ लागली तर सांध्यातल्या भेगा बघून चालवायचं, कारण बारीक टायर भेगेत अडकतो.

सगळ्यांत त्रासाची असते ती नुकतीच टाकलेली खडी. रस्ता डांबरी होणार असतो, खडी पसरून ठेवलेली असते, रोलर अजून आलेला नसतो. काळ्या दगडाच्या त्या ताज्या कडा टायरची बाजू सरळ कापतात. अशा तुकड्यावर उतरून चालत जाण्यात काहीही कमीपणा नाही. गावोगावच्या कच्च्या वाटा आता भराभर डांबरी आणि काँक्रीटच्या होत आहेत. गावकऱ्यांची ती गरजच आहे. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणी जीपीएसवर नोंदवलेल्या मार्गाच्या ट्रॅकवर विसंबून निघू नका, वाटेत खडी किंवा काँक्रीट भेटेल.

आणखी एक जागा नीट लक्षात ठेवा, ती म्हणजे ओढ्यावरची फरशी. घाटउतारावरून वेगात येताना समोर काँक्रीटचा सपाट पट्टा दिसतो, वरून बोटभर पाणी वाहत असतं, आणि तो आजूबाजूच्या मुरमापेक्षा सुरक्षित वाटतो. प्रत्यक्षात त्या पाण्याखाली हिरवट, तुळतुळीत शेवाळाचा थर असतो.  फरशीच्या आधीच वेग उतरवा, सायकल सरळ ठेवा, फरशीवर ब्रेक दाबू नका, हँडल वळवू नका. पाणी घोट्याच्या वर असेल तर उतरा.

२. एकाच नकाशावर भागवू नका

तीन गोष्टी शेजारी शेजारी उघडून बसा. पहिली, ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेला एखादा नकाशा. त्यात कच्च्या गाडीवाटांना ग्रेड १ ते ग्रेड ५ अशी प्रतवारी दिलेली असते. १ म्हणजे घट्ट बांधलेला रस्ता, ५ म्हणजे मऊ मातीची, जेमतेम दिसणारी वाट. ग्रॅव्हल सायकलला ३ पर्यंत ठीक, ४ आलं की वाट किती लांब आहे ते बघून ठरवायचं. प्रतवारी दिलेलीच नसेल तर कुणी तपासलेलं नाही असं धरा.

दुसरी, उपग्रहाचं छायाचित्र. त्यात रेषा कशी दिसते याकडे बघायला डोळा तयार करावा लागतो. दोन समांतर रेषा आणि मधे गवताची पट्टी म्हणजे जीप किंवा ट्रॅक्टरची वाट. एकच बारीक, थरथरती रेषा म्हणजे पायवाट किंवा गुरांची वाट. उतारावर नागमोडी वळणं दिसली तर ती चाकांसाठी केलेली आहेत. पण एखादी ठळक पट्टी डोंगराला छेदून सरळ वर चढत असेल तर सावध व्हा. ती बहुधा जाळरेषा असते, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून वनविभागाने साफ केलेला पट्टा, नाहीतर विजेच्या तारांखाली तोडलेली झाडी. वरून ती मस्त रस्त्यासारखी दिसते, जागेवर गेल्यावर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. शक्य असेल तर उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यानंतरचं अशी दोन्ही छायाचित्रं बघा. गवत वाढल्यावरही जी वाट दिसते, तीच नेहमी वापरात आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि लागोपाठच्या दोन समोच्च रेषांच्या (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या) उंचीत फरक २० मीटरचा. हिशोब सोपा आहे. वाटेच्या एका सेंटिमीटरच्या तुकड्यात ती तीन रेषा चढत असेल तर ५०० मीटरमध्ये ६० मीटर, म्हणजे बारा टक्के चढ. मुरमावर बारा टक्के म्हणजे बहुतेकांची सायकल चालवण्याची हद्द. चार रेषा असतील तर वाद नको, तिथे ढकलतच जायचं आहे असं धरून वेळ लावा.

घाटमाथ्याच्या पश्चिम कडेला जाणाऱ्या रेषांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. देशावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या घाटवाटा फोनवरच्या नकाशात रस्त्यासारख्या दाखवलेल्या असू शकतात. त्यातल्या कितीतरी वाटा पायऱ्यांच्या, दगडी नाळेच्या, कधी दोन हात टेकवून उतरायच्या आहेत. फोन म्हणतो म्हणून सायकल घेऊन कड्याकडे जाऊ नका. ज्या घाटाने एसटी जाते किंवा ट्रॅक्टर उतरतो, तोच सायकलचा घाट.

३. जमीन कुणाची, ते आधी बघा

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. राष्ट्रीय उद्यानालाही तोच नियम लागू आहे. साताऱ्याच्या पश्चिमेला कोयना अभयारण्य आहे. ते आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या गाभा क्षेत्रातल्या जुन्या गाडीवाटा उपग्रहातून कितीही सुंदर दिसल्या तरी त्या आपल्यासाठी नाहीत. कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे फुलांच्या सड्यावर सायकल नेण्याचा विचारही करू नका.

अभयारण्याची हद्द नकाशात हिरव्या रंगाने दिसते, पण ती नेमकी कुठून जाते ते वनरक्षकालाच माहीत असतं. म्हणून मार्ग पक्का करण्याआधी त्या भागाच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात फोन करा आणि गावांची नावं घेऊन विचारा: अमुक गावापासून तमुक वाडीपर्यंतची गाडीवाट खुली आहे का? चाळकेवाडीच्या बाबतीत दोन गोष्टी तपासायच्या. पठाराचा कोणता भाग व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीला लागतो, आणि पवनचक्क्यांच्या कोणत्या रस्त्यांवर कंपनीचं फाटक आहे. फाटकावरच्या रखवालदाराला नमस्कार करून विचारलं तर तो सरळ सांगतो. नाही म्हणाला तर परत फिरायचं, बाजूने वळसा घालून आत जायचं नाही.

४. गावात विचारा, पण प्रश्न नीट विचारा

नकाशात न मिळणारी सगळी माहिती गावात मिळते. मात्र "ही वाट पुढं जाते का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "जाती की." ते खरंही असतं, कारण गुरं घेऊन जाणाऱ्या माणसासाठी वाट जातेच. "मोटारसायकल जाते का?" या प्रश्नाचाही फारसा उपयोग नाही. डोंगरातली पोरं मोटारसायकल कुठेही चढवतात.

विचारायचं असतं ट्रॅक्टरबद्दल. "आबा, राम राम. या वाटेनं ट्रॅक्टर वरच्या वाडीपर्यंत जातो का?" मग उत्तर नेमकं येतं: "जातोय की, पर वड्यापातुर. म्होरं बैलंबी जात न्हाईत." एवढ्यात तुमचा अर्धा मार्ग तपासून झाला. ओढ्यापर्यंत सायकल, पुढे पायपीट. दुसरा चांगला प्रश्न दुधाच्या गाडीचा. ज्या वाडीवर रोज पहाटे दूध गोळा करायला टेम्पो येतो, तिथला रस्ता बारा महिने बरा असतो आणि अडचण आली तर सकाळी तिथून हमखास वाहनही मिळतं. तिसरा प्रश्न पाण्याचा: "विहिरीला आता पाणी हाय का?" जानेवारीनंतर सड्यावरची कुंडं आटतात, नकाशातला निळा ठिपका तसाच राहतो.

विचारताना सायकलवर बसून, गॉगल लावून विचारू नका. उतरा, हेल्मेट काढा, दोन मिनिटं थांबा. कुठून आलात, घरी कोण कोण, एवढ्या लांब सायकलीवर कशाला, हे सगळं विचारलं जाणार आहे आणि त्याची उत्तरं द्यायला वेळ ठेवा. जेवायचं असेल तर जातानाच एखाद्या मावशींना सांगून ठेवा, परत येईपर्यंत पिठलं-भाकरी तयार असते. पैसे विचारून, नीट द्या.

५. दिवस निवडा

ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात सड्यावर धुकं इतकं दाट असतं की दहा फुटांवरचं वळण दिसत नाही, वारा सायकल ढकलून देतो आणि घाटात दरड येते. नोव्हेंबरात गवत वाळतं आणि कुसळं मोज्यांत शिरतात. त्यांचा त्रास किती होतो ते अर्धा दिवस सोसल्यावरच कळतं, म्हणून घोट्याच्या वर येणारे घट्ट विणीचे मोजे घाला. मार्चपासून ऊन चढतं, वणवे लागतात. धूर दिसला तर त्या बाजूला जाऊ नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

६. सायकल

यासाठी महागडी सायकल लागत नाही. चाळीस मिलिमीटरच्या आसपासचा टायर बसेल अशी कोणतीही दणकट सायकल चालते, पुढे शॉकअप असलेली एमटीबीसुद्धा. ब्रेक मात्र डिस्कचे असावेत, कारण बोरणे घाटासारखा लांब उतार रिम ब्रेकना तापवतो.

गिअरकडे जास्त लक्ष द्या. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढच्या चकतीचे दात मागच्यापेक्षा कमी किंवा फार तर तेवढेच हवेत. दोन्ही सारखे असतील तर मिनिटाला साठ पेडल मारताना वेग ताशी आठ किलोमीटरच्या जवळ राहतो. बारा टक्के चढावर तेवढा वेगही सामान्य माणसाला झेपत नाही, म्हणून त्याहून हलका गिअर असेल तर फारच बरं. दुकानदार पुढच्या मोठ्या चकतीचं कौतुक करेल. तिचा उपयोग महामार्गावर आहे.

हवेचं म्हणाल तर सत्तर किलोच्या माणसाला चाळीस मिलिमीटरच्या ट्यूबलेस टायरमध्ये तीस ते पस्तीस पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप) सुरुवात करावी, पुढच्या चाकात दोन-तीन कमी. ट्यूब असेल तर पाच जास्त, नाहीतर दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात. बाभूळ आणि बोरीच्या काट्यांच्या प्रदेशात सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) घातलेला ट्यूबलेस टायर खरोखर उपयोगी पडतो. निघायच्या आधी सीलंट सुकलेलं नाही ना ते बघून घ्या.

सोबत दोन ट्यूब, प्लग, पॅच, पंप, मल्टिटूल, चेनची क्विक लिंक आणि आपल्याच सायकलचा डिरेलर हँगर, म्हणजे मागचे गिअर बदलणारा भाग ज्यावर बसतो तो तुकडा. हा शेवटचा तुकडा खिशात मावतो, पण प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि ठोसेघरला मिळणार नाही. जुन्या टायरचा चार बोटं रुंद तुकडाही ठेवा. टायरची बाजू कापली गेली तर आतून लावून घरी येता येतं.

७. दिवसाचा हिशोब

सपाट डांबरावर ताशी वीस, घाटातल्या डांबरी चढावर आठ ते दहा, सड्यावरच्या मुरमावर बारा धरा. प्रत्येक दोन तासांमागे पंधरा मिनिटं थांबायची. या हिशोबाने साताऱ्याहून पहाटे सहाला निघालेला माणूस नऊ-साडेनऊच्या सुमारास ठोसेघरला पोचतो आणि अकरापर्यंत पठारावर असतो. तिथे दोन-तीन तास फिरायचं. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून परतीला तीनच्या आत लागायचं. घाट उजेडात उतरायचा हा नियम मोडू नका. अंधार पडताना बिबट्या आणि रानडुकरं हिंडायला लागतात, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या झगमगीत दिव्यांत खड्डा दिसत नाही.

पहिल्यांदा जाताना गेलेल्या वाटेनेच परत या. गोल मार्ग नकाशावर छान दिसतो, पण त्याचा दुसरा अर्धा भाग तुम्ही पाहिलेला नसतो, आणि तो तुमच्या वाट्याला येतो तेव्हा दुपार कलंडलेली असते, पाणी संपत आलेलं असतं. एकदा जाऊन आलात, वरच्या फाट्यांवर चौकशी केलीत की पुढच्या वेळी गोल करा.

पाणी माणशी तीन लिटर. सड्यावर सावली नाही. गूळ-शेंगदाणे, केळी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी यांवर दिवस चांगला निघतो. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, वर रेंज येते आणि जाते. कुणाला लागलं तर १०८ ला फोन करता यावा म्हणून शेवटची रेंज कुठे होती ते लक्षात ठेवत चला. आपला मार्ग आणि परतीची वेळ घरी कागदावर लिहून ठेवा.

८. चढ, उतार आणि वाटेत भेटणारे

मुरमाच्या चढावर उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक गरगरतं. बसून राहा, छाती थोडी पुढे झुकवा, पेडल एकसारखं फिरवा. उतारावर दोन्ही पेडल एका पातळीत, कोपरं सैल, वजन थोडं मागे, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. वेग वळणाच्या आधी कमी करायचा. वळणात सुट्या मुरमावर पुढचा ब्रेक दाबला की माणूस पडतो. फेब्रुवारीत झाडीतल्या रस्त्यावर पानांचा थर असतो. त्याखाली काय आहे ते दिसत नाही, तिथे हळू.

गवा दिसला तर थांबा. घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे सरकू नका. तो जाईपर्यंत वाट बघा, किंवा सायकल हातात धरून हळूहळू मागे जा. मेंढरांबरोबरची धनगरी कुत्री सायकलमागे धावतात. पळवलीत तर आणखी चेकाळतात. उतरा, सायकल मधे धरा, धनगर दादांना हाक मारा. कड्याखाली आग्या मोहोळाची पोळी लटकलेली दिसली तर तिथे थांबू नका, गाणी लावू नका, सिगारेट तर नाहीच.

सड्यावर एक नियम काटेकोर पाळा: चाक मुरमाच्या रस्त्यावरच राहिलं पाहिजे. रस्त्याच्या कडेचा कातळ उजाड वाटतो, पण त्यावरच्या बोटभर मातीत पावसाळी फुलांचं बी असतं. याच चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ मध्ये सरड्याची एक नवी जात शास्त्रज्ञांनी नोंदवली, सारडा सुपर्बा. उन्हाळ्याच्या तोंडावर नर दगडावर चढून गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडतो. तुम्ही बसायला म्हणून जो दगड हलवाल तो त्याचा असू शकतो. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी आणि हे सरडे जास्त आढळतात, असा अभ्यासही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्याशा पठारावर इतकं काही चाललेलं असतं. आपण तिथे पाहुणे आहोत, रस्ता दिलाय तेवढ्यावरून जायचं.

९. परत आल्यावर

त्याच संध्याकाळी सायकल धुवा. मुरमाची पूड चेनमध्ये राहिली तर पुढच्या राइडपर्यंत दात झिजवते. पाण्याचा जोराचा फवारा बेअरिंगवर मारू नका, ओल्या फडक्याने पुसा, सुकल्यावर तेल द्या. ब्रेक पॅडची जाडी एक मिलिमीटरवर आली असेल तर बदला. टायरच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवून काप शोधा.

आणि ज्या वाटांवर गेलात त्यांची प्रतवारी ओपनस्ट्रीटमॅपवर टाका: कुठे मुरूम, कुठे खडी, कुठे फाटक, कुठली विहीर मार्चपर्यंत टिकते. नोंद करताना महिना लिहा. अभयारण्यातल्या किंवा फाटकाआडच्या वाटांचा ट्रॅक मात्र कुठेही टाकू नका, तुमच्या मागून येणारा परवानगी न विचारता आत शिरेल.